चोच वाढली, चोच घटली
उत्क्रांती म्हटलं की लाखो वर्षं, हे डार्विननेच आपल्या मनात रुजवलं. बदल घडत असताना दिसायचाच नाही, असं त्याचं ठाम मत होतं. गंमत अशी, की गालापागोस बेटांवरच्या ज्या फिंच पक्ष्यांशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्यांनीच हे मत खोटं पाडलं.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 मध्ये तिथल्या डॅफ्नी मेजरवर काम सुरू केलं. अर्धा चौरस किलोमीटरही न भरणारं हे ज्वालामुखीचं बेट. पक्षी पकडायचा, पायात कडं घालायचं, चोच मोजायची आणि सोडून द्यायचा, हा तिथला नेम. 1977 मध्ये पावसाने दगा दिला. बारीक, मऊ बिया पक्ष्यांनी आधी फस्त केल्या. मागे उरल्या त्या टणक. त्यांत एक वनस्पती चक्क आपल्या सराट्याच्या जवळच्या नात्यातली. चपलेतून टोचणारं ते काटेरी फळ फोडायला चोच जाडच हवी. त्या दुष्काळात ‘मध्यम फिंच’ या जातीच्या पक्ष्यांपैकी सुमारे 85 टक्के मेले. वाचलेल्यांच्या पिल्लांची चोच आधीच्या पिढीपेक्षा सरासरी चार टक्क्यांनी जाड निघाली. हा फरक अर्धा मिलिमीटरही नाही, पण जगणं-मरणं तेवढ्यावरच ठरलं.

उत्क्रांतीचा असा वेग मोजायला एककही होतं. जे. बी. एस. हाल्डेन (हेच पुढे 1957 मध्ये भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले) यांनी ते 1949 मध्ये सुचवलं: एखादं माप दहा लाख वर्षांत साधारण 2.7 पट झालं, तर वेग एक ‘डार्विन’. घोड्यांच्या जीवाश्म दातांवरून आलेला वेग डार्विनच्या काही शतांशांइतकाच होता. उलट, त्रिनिदादच्या ओढ्यांतले गप्पी मासे डेव्हिड रेझनिक यांनी शिकारी माशांपासून दूर, धबधब्याच्या वरच्या अंगाला सोडले, तेव्हा काही वर्षांतच ते उशिरा आणि मोठे होऊन वयात येऊ लागले. 1997 मध्ये त्यांनी मांडलेला वेग होता 3,700 ते 45,000 डार्विन!

मग घोडे मठ्ठ आणि गप्पी चपळ म्हणायचे का? फिलिप गिंगरिच यांनी 1983 मध्ये असे 521 वेग एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की मोजणीचा काळ जितका लहान, तितका वेग जास्त. ओसरीवर येरझारा घालणारा माणूस दिवसभरात कोसभर चालतो, पण संध्याकाळी ओसरीवरच असतो. डॅफ्नीवर नेमकं हेच झालं. 1982-83 मध्ये एल निनोचा धो धो पाऊस पडला, बेटावर बारीक बियांचं पीक आलं आणि लहान चोचीचे पक्षी पुढे सरसावले. 2004-05 च्या टंचाईत तर चोच आणखी घटली, कारण टणक फळांवर आता बेटावर नव्याने वस्तीला आलेल्या ‘मोठा फिंच’ या दुसऱ्या जातीचा हक्क चालत होता. दुष्काळ तसाच, निकाल मात्र उलटा. म्हणून कालावधी न सांगता उत्क्रांतीचा वेग सांगणं मला निरर्थक वाटतं.

ही येरझार किती काळ चालते? जोसेफ उयेदा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आजचे प्राणी आणि जीवाश्म यांची शरीरमापं एकत्र तपासली. साधारण दहा लाख वर्षांपर्यंत आकार ठरावीक मर्यादेतच मागे-पुढे होत राहतो, त्यानंतर मात्र टिकाऊ फरक साठू लागतात, असं त्यांना आढळलं. ही मर्यादा नेमकी कशामुळे ओलांडली जाते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.