पिवळ्या पानाचे निदान

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि अलीकडे नाशिक रस्त्यालगतची गोदामे डोळ्यांपुढे येतात. परंतु शहर मागे पडले की पावसाळ्यात भाताची खाचरेच दिसू लागतात. लावणीनंतर एखाद्या खाचराचा तुकडा पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो, खत कमी पडले. आणि युरियाचे पोते आणतो. बहुधा त्याचा अंदाज खराही ठरतो. मात्र पिवळेपणाचे मूळ विषाणूत असेल, तर पोत्याचे पैसे जातात आणि त्याहून मोलाचा वेळही जातो.

'टुंग्रो' हा भाताचा असाच एक रोग होय. त्यात पाने पिवळी-नारिंगी होतात, रोप खुजे राहते, दाणे पोचट भरतात. हिरवे तुडतुडे तो पसरवितात, हे फिलिपाईन्समध्ये १९६५ साली दाखविले गेले. या रोगामागे एक नव्हे, दोन विषाणू आहेत. एक दंडाकार, दुसरा गोल. रोगाची ठळक लक्षणे दंडाकार विषाणूमुळे दिसतात. परंतु गोल विषाणूच्या साहाय्याशिवाय तुडतुडा त्याला वाहून नेऊ शकत नाही. उलट गोल विषाणू एकटा असला तर रोप जवळजवळ निरोगी दिसते. म्हणजे अनुभवी डोळाही येथे फसतो.

डोळ्याची ही उणीव प्रतिपिंडे भरून काढतात. विषाणूचे शुद्ध प्रथिन सशाला टोचले असता त्याच्या रक्तात नेमकी त्याच विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. पानाच्या रसात विषाणू असला की ती त्याला धरतात आणि त्यांना जोडलेल्या विकरामुळे द्रावणास रंग येतो. ही 'एलिसा' पद्धत वनस्पतींच्या विषाणूंसाठी १९७७ पासून रूढ झाली. करोनाच्या काळात आपण घरी वापरलेली चाचणीची पट्टीही याच तत्त्वावर चालते.

मग अडचण कोठे आहे? ती अर्थशास्त्रात आहे. टुंग्रोला औषध नाही. चाचणी होईतो ते रोप बहुधा हातचे गेलेले असते. चाचणीचा खरा लाभ शेजारच्या खाचरांना आणि पुढील हंगामाला होतो: रोगट रोपे उपटता येतात, धसकटे वेळीच नांगरून टाकता येतात, प्रतिकारक वाण निवडता येते. खर्च एकाने करावा आणि लाभ साऱ्या शिवाराला व्हावा, अशी वस्तू बाजार आपण होऊन पुरवीत नाही. एक-दोन एकरांचा धनी ती विकत घेणार नाही, आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे कारखानदारही ती बनविणार नाही.

कोणी म्हणेल, टुंग्रोचा उपद्रव प्रामुख्याने पूर्व व दक्षिण भारतात. कोकणाने त्याची चिंता का वाहावी? परंतु हिरवे तुडतुडे आपल्याकडेही आहेत. गोदामांच्या आगी पाहिलेल्या भिवंडीकरांना हे सांगावयास नको की, बंब आग लागल्यावर विकत घ्यावयाचा नसतो.

दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्या कोकणातच आहेत. पिवळे पान तालुक्याच्या ठिकाणी द्यावे आणि आठवड्यात विनामूल्य उत्तर मिळावे, एवढी व्यवस्था सार्वजनिक खर्चातून होणे अशक्य नाही. खतावर सरकार अनुदान देतेच. ते खत खरोखर हवे आहे की नाही, हे सांगणाऱ्या ज्ञानावरही थोडा खर्च व्हावयास नको काय?