परसांतील वेलांची पाहणी

भोपळ्याचा वेल मांडवावर चांगला पसरला आहे, फुलें रोज येतात, पण फळ कांहीं धरत नाहीं. किंवा बोटाएवढें फळ धरतें आणि पिवळें होऊन गळून पडतें, ही तक्रार पावसाळा सुरू होऊन दीड-दोन महिने लोटले कीं गांवोगांवीं ऐकूं येऊं लागते. तक्रार करणारा गृहस्थ पुष्कळदां दहा-वीस एकरांचा धनी असतो. कपाशीची किंवा उसाची बारीकसारीक माहिती त्याला मुखोद्गत असते. परसांतला वेल मात्र घरांतील बायकामाणसांचा, म्हणून त्याकडे त्याचें लक्ष गेलेलें नसतें. मग एके दिवशीं कपाशीच्या फवारणींतून उरलेली औषधाची बाटली कोनाड्यांत सांपडते व ती वेलावर रिकामी केली जाते. फळ धरत नव्हतें तें नाहींच धरत. उलट जीं थोडीं धरावयाचीं, तींही वांझ जातात.

असें कां होतें व त्यावर काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें, आणि त्या खात्याची एक रीत या कामीं फार उपयोगाची आहे. नुकसानीचा आंकडा लिहिण्यापूर्वीं जागेवर जाऊन पंचनामा करावा लागतो; कचेरींत बसून केलेला पंचनामा टिकत नाहीं. वेलाचेंही तसेंच आहे. आधीं पाहणी, मग औषध. आणि पाहणी नीट झाली तर दहांतून सात-आठ वेळां औषधाची गरजच उरत नाहीं, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

प्रथम फुलाकडे पाहावें. तांबडा भोपळा, दुध्या, दोडका, घोसाळें, कारलें, पडवळ, काकडी या सर्वांत नर फुलें निराळीं व मादी फुलें निराळीं, परंतु दोन्ही बहुधा एकाच वेलावर येतात. नर फुलाचा देंठ बारीक असून त्याखालीं कांहीं नसतें. मादी फुलाच्या पाकळ्यांखालीं इवलेंसें फळ आधींच तयार असतें. तांबड्या भोपळ्यांत गोटीसारखें, दुध्यांत लांबट व लवदार, कारल्यांत खरबरीत. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बहुतेक नर फुलेंच येतात व गळून जातात. हा वेलाचा स्वभाव आहे, रोग नव्हे. त्या मुदतींत फळ नाहीं म्हणून हळहळणें म्हणजे पेरणीच्या महिन्यांत खळ्याचा हिशेब मागण्यासारखें आहे.

महिना उलटला तरी मादी फुलें दिसत नसतील तर मात्र कारण शोधावें. उकिरड्याला लागून लावलेला, किंवा चांगला वाढावा म्हणून वरचेवर युरियाची मूठ मिळालेला वेल पानांनीं काळाभोर होतो व नर फुलांवरच दिवस काढतो. कडक उन्हाळा व दाट सांवली यांचाही परिणाम तसाच होतो. अशा वेलाचें खत बंद करावें. दुध्याच्या मुख्य वेलावर नर फुलें अधिक व बाजूच्या फांद्यांवर मादी फुलें अधिक, असा प्रकार असतो. म्हणून वेल मांडवावर चढला कीं त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बगलफुटी जोरानें निघते. शेंडा खुडण्यास घरांतील वडील माणसें सहसा तयार होत नाहींत. एकाच वेलाचा खुडून पाहावा, दुसरा तसाच ठेवावा, आणि निवाडा त्यांच्याच डोळ्यांवर सोपवावा.

आतां मादी फुलें येतात, पण फळ पिवळें पडून सुकतें, या मुख्य तक्रारीकडे वळूं. नर फुलांतील पराग मादी फुलावर पोंचल्यावांचून फळ वाढत नाहीं. भोपळ्याचा पराग जड व चिकट असतो, वाऱ्यानें तो उडून जात नाहीं. मधमाशी, भुंगा किंवा पतंग यांनींच तो नेला पाहिजे. आणि फूल तर एकाच दिवसाचें सोबती. तांबड्या भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें व ऊन चढलें कीं मिटूं लागतें. पावसाची झड लागली कीं मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाहीं, आणि त्या दिवशीं उमललेलें मादी फूल फुकट जातें. पराग अपुरा पोंचला तर फळ धरतें, परंतु एका बाजूस फुगलेलें व दुसऱ्या बाजूस रोडावलेलें असें वेडेंवांकडें होतें. दुध्या वांकडा निघाला कीं बियाण्याच्या दुकानदाराला दोष देण्याची रीत आहे. तो पुष्कळदां निर्दोष असतो.

यावर उपाय सोपा व बिनखर्ची आहे. ताजें उमललेलें नर फूल देंठासकट खुडावें, पाकळ्या काढून टाकाव्या, म्हणजे मधला परागाचा दांडा उघडा पडतो. तो मादी फुलाच्या मध्यभागच्या चिकट तोंडावर सर्व बाजूंनीं अलगद फिरवावा. एवढेंच. मात्र वेळ साधली पाहिजे, आणि येथेंच बहुतेकांची गफलत होते. तांबडा भोपळा, काकडी, कारलें व घोसाळें यांचें काम सकाळीं लवकर करावें. दुध्या, दोडका व पडवळ यांचीं फुलें दिवस कलल्यावर उमलतात, त्यांना सायंकाळीं गांठावें. सकाळीं दहा वाजतां दुध्याच्या फुलाशीं खटपट करणाराला यश येत नाहीं, यांत नवल नाहीं. दोडका व घोसाळें एकमेकांचे जवळचे नातलग असून एक संध्याकाळीं उमलावा व दुसरें सकाळीं, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मांडवावर दोन्ही शेजारीं लावून मुलांना अवश्य दाखवावी.

भोपळ्याच्या फुलांचीं भजी चांगलीं होतात हें खरें. परंतु भज्यांसाठीं नर फुलेंच तोडावीं व तींही सगळीं तोडूं नयेत, एवढी सूचना स्वयंपाकघरांत जरूर द्यावी. तसेंच एखादा दुध्या बियाण्यासाठीं वेलावर जून होऊं दिला कीं वेलाची ताकद तिकडे जाते व मागून धरलेलीं फळें गळतात. कोंवळीं फळें वरचेवर काढीत राहिलें तर वेल धरत राहतो.

गळलेलें फळ परागाअभावीं गळलें कीं किडीनें, याचा पंचनामा विळीवर होतो. विळ्या-भोपळ्याचें सख्य आपल्याकडे प्रसिद्धच आहे, येथें तें कामीं आणावें. फळ उभें चिरावें. आंत स्वच्छ असून तें टोंकाकडून नुसतें सुकत आलें असेल तर पराग मिळाला नाहीं असें समजावें. आंत मऊ व सडकें असून पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर तें फळमाशीचें काम होय. ही माशी कोंवळ्या फळाच्या सालीला टोंचून आंत अंडीं घालते. टोंचल्या जागीं डिंकासारखा थेंब दिसतो व पुढें फळ तेथें वांकतें. अळी फळाच्या आंत असल्यामुळें वरून फवारलेलें औषध तिच्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं. वाढ पुरी झाली कीं ती मातींत शिरून कोश करते व नवी माशी होऊन वर येते. म्हणून किडकें फळ उकिरड्यावर फेंकणें म्हणजे माशीचें बियाणें पेरणें होय. तीं फळें रोजच्या रोज वेंचून दोन फूट खोल पुरावीं, अथवा प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून उन्हांत टाकावीं. वेलाखालची माती अधूनमधून हलवावी, म्हणजे कोश उघडे पडून उन्हानें व पांखरांच्या चोंचीनें मरतात. परसांत फळें मोजकीं असतात, तेव्हां फळ धरल्याबरोबर त्यावर कागदाची किंवा जुन्या पातळाची पिशवी चढवावी. यासारखा खात्रीचा उपाय दुसरा नाहीं. बाजारांत कामगंध सांपळे मिळतात, पण त्यांत दोन जाती आहेत. आंब्याच्या माशीसाठीं मिथिल युजेनॉलचा सांपळा असतो, तो वेलाच्या माशीला भुलवीत नाहीं. तिच्यासाठीं क्यू-ल्यूरचा सांपळा मागून घ्यावा. त्यांत नर माशाच सांपडतात, यास्तव सांपळा लावला म्हणून फळें वेंचण्याचें थांबवूं नये.

आतां त्या उरलेल्या बाटलीविषयीं. कपाशीचें औषध कपाशीसाठीं, व तें फवारल्यावर किती दिवस थांबावें याचा हिशेबही कपाशीपुरता. परसांतला दोडका आज फवारला तर परवां आपल्याच मुलांच्या ताटांत येतो. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. तीं औषधें उघड्या शेतांत जर माणसास आटोपत नाहींत, तर स्वयंपाकघराच्या खिडकीखालीं त्यांना जागा असूं नये. शिवाय उमललेल्या फुलावर विष पडलें कीं पहिली मरते ती मधमाशी. म्हणजे परागाअभावीं फळ गळत होतें, त्यावर औषध फवारून पराग आणणारीच मारली, असा उलटा न्याय होतो.

वेल लहान असतांना दोन-चार पानांवर लाल भुंगेरे पडतात व पानांची चाळण करतात. सकाळीं गारव्यांत ते सुस्त असतात, तेव्हां हातानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे व दंव असतांनाच पानांवर चुलींतील चाळलेली राख भुरभुरावी. वेल हातभर वाढला कीं त्यांचें फारसें भय उरत नाहीं, पण त्यांच्या अळ्या मातींत मुळें कुरतडतात. दुपारच्या उन्हांत भोपळ्याचीं पानें माना टाकतात व सायंकाळीं पुन्हां ताठ होतात. त्यांत काळजीचें कारण नाहीं व त्यावर पाणी ओतणेंही इष्ट नाहीं. सकाळींसुद्धां वेल मलूल दिसला तर मात्र बुंधा उकरून पाहावा : अळ्या, कुजलेलें मूळ किंवा सांचलेलें पाणी, यांपैकीं कांहींतरी सांपडतेंच.

पानांवर पांढरें दिसलें कीं 'भुरी आली' असें म्हणण्यापूर्वीं त्यावर आंगठा फिरवावा. तांबड्या भोपळ्याच्या कित्येक जातींच्या पानांवर शिरांच्या कोनांत चंदेरी ठिपके जन्मतःच असतात, ते पुसले जात नाहींत. पुसून बोटाला पीठ लागलें तर ती भुरी. द्राक्षावर चालतो म्हणून गंधक येथें बेतानें वापरावा असेंही मी म्हणणार नाहीं, कारण उन्हाच्या दिवसांत तो या वर्गाचीं पानें जाळतो. ब्राझील देशांतील बेत्तिओल या शास्त्रज्ञानें 1999 सालीं झुकिनी नांवाच्या भोपळ्याच्या विलायती भावंडावर गाईच्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. एक भाग दूध व नऊ भाग पाणी आठवड्यांतून एकदां फवारल्यानें भुरी आटोक्यांत राहिली. ज्याच्या गोठ्यांत गाय आहे त्यानें हें करून पाहण्यास हरकत नाहीं. पानावर शिरांनीं आंखून दिल्यासारखे पिवळे चौकोनी डाग पडून खालच्या अंगास करडी बुरशी दिसली तर तो केवडा. तीं पानें काढून जाळावीं, मांडव मोकळा करावा व पाणी बुंध्याशीं द्यावें, पानांवर नव्हे. पानें आंखडून हिरवींपिवळीं कबरीं झालीं तर तो विषाणूचा रोग. त्याला औषध नाहीं. वेल उपटावा व शेजारचे वांचवावे.

एक बाब या सर्वांहून गंभीर आहे. दुध्या, काकडी वा भोपळा क्वचित् कडू निघतो. कारल्याचा कडूपणा निराळा. या फळांतील कडूपणा कुकुर्बिटॅसिन नांवाच्या विषारी द्रव्यानें येतो, व तें शिजवल्यानें जात नाहीं. कडू दुध्याचा रस प्रकृतीसाठीं म्हणून पिऊन माणसें दगावल्यामुळें भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल 2012 सालीं प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वीं फोड चाखून पाहावी, किंचित् कडू लागली तरी टाकून द्यावी, व रस घेतल्यावर पोटांत कळा, उलटी किंवा जुलाब सुरू झाल्यास तात्काळ इस्पितळ गांठावें, असें त्यांत सांगितलें आहे. या विषावर उतारा नाहीं. जर्मनींतील हायडेनहाइम येथें 2015 सालीं घरच्या बागेंतील कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ वारला. तेव्हां 'वाया कशाला घालवावें' हा आपला नित्याचा विचार येथें बाजूस ठेवावा. चाखलेली फोड थुंकून टाकावी, गिळूं नये. तें फळ जनावरांनाही घालूं नये.

शेजारीं कारलें लावलें म्हणून दुध्या कडू होतो, हा समज खरा नाहीं. त्या दोहोंचा संकर होत नाहीं. कडूपणा मुख्यतः बियाण्यांतून येतो, आणि रानटी किंवा कडू जातीच्या दुध्याचा पराग आपल्या वेलावर आला तर त्याचें फळ पुढील पिढीच्या वेलावर दिसतें. म्हणून उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचें फळ चाखल्यावांचून घरांत घेऊं नये, आणि कडू वेलाचें बीं कधींही ठेवूं नये. घरचें बीं धरावयाचें असेल तर दुध्याचें उद्यां उमलणारें एक मादी व दोन नर फुलें आदल्या दिवशीं हेरून त्यांवर कागदी पिशव्या बांधाव्या, दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं उमलतांच हातानें पराग लावावा, मादी फुलावर पिशवी पुन्हां दोन दिवस ठेवावी, आणि त्या फळाच्या देंठाला रंगीत दोरा बांधून घरांत सर्वांना तें तोडूं नये म्हणून सांगून ठेवावें.