दुसऱ्या कीपरची नोकरी

२० डिसेंबर २०२५ला टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारताचा संघ जाहीर झाला, त्यात अमरावतीच्या जितेश शर्माचं नाव नव्हतं. त्याच महिन्यात कटकला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध यष्ट्यांमागे तोच उभा होता. मधल्या दिवसांत त्यानं झेल सोडले, सामना घालवला, असं काही घडलं नव्हतं. घडलं ते दुसऱ्यांच्या बाबतीत. शुभमन गिलला वगळलं, त्यामुळे सलामीला संजू सॅमसन परत आला. सॅमसन स्वतःच कीपर. मग जोडीचा कीपरही वरच्या फळीत खेळणारा हवा असं ठरलं, आणि दोनच दिवस आधी पुण्यात सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या अंतिम सामन्यात झारखंडसाठी शतक ठोकणारा इशान किशन आत आला. जितेश खेळतो सहाव्या-सातव्या क्रमांकावर. झालं!

राखीव कीपरचं भवितव्य म्हणजे काय, ते या एका निवडीत दिसतं. राखीव फलंदाजाला सहा जागा असतात, राखीव गोलंदाजाला चार-पाच. कीपरला एकच. ती जागा रिकामी व्हायला कुणाचं तरी बोट मोडावं लागतं, गुडघा दुखावा लागतो, नाहीतर धावा आटाव्या लागतात. कुणी हे तोंडानं बोलत नाही, पण हिशोब तोच.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचं असंच असतं. चाल ठरवून चेंडू फेकणारा तो एकटा. त्याच्यामागे राखीव एक, फार तर दोन. २००१च्या सप्टेंबरात न्यू इंग्लंडचा ड्रू ब्लेडसो जखमी झाला आणि टॉम ब्रेडी नावाचा राखीव पोरगा मैदानात आला. पुढे त्यानं सात सुपर बोल जिंकले; ब्लेडसोला ती जागा पुन्हा मिळाली नाही. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र चेस डॅनियलची जास्त पटते. चौदा मोसमांत सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे पाच, आणि कमाई चार कोटी डॉलरच्या आसपास. तिकडे राखीव असणं हाच एक पेशा आहे.

आपल्याकडे तो पेशा आता कुठे उभा राहतोय. आयपीएलमध्ये करार झाला आणि खेळाडू मोसमभर उपलब्ध राहिला, की बाकावर बसला तरी कराराची रक्कम मिळते. रणजीत अकरात खेळणाऱ्या नवख्याला दिवसाला ४० हजार, राखीव असेल तर २० हजार. म्हणजे चार दिवसांच्या साखळी सामन्याचे, पाणी नेऊन आणि ग्लोव्हज बदलून देऊन, ८० हजार होतात. ही वाढ २०२१मधली.

हे पैसे फुकटचे नव्हेत. सामन्याआधी सकाळी मैदानावर जरा लवकर गेलात तर दिसेल : प्रशिक्षक बॅटनं चेंडू मारतोय, क्षेत्ररक्षक धावून फेकताहेत, आणि ती फेक घ्यायला प्रशिक्षकाच्या शेजारी ग्लोव्हज घालून उभा आहे तो राखीव कीपर. पहिला कीपर तेव्हा आपल्या फलंदाजीचे थ्रोडाऊन घेत असतो. सामना सुरू झाला की आतले सुती ग्लोव्हज घामानं भिजतात. कोरडी जोडी घेऊन पळायचं तेही यानंच. बोटांना टेप दोघांच्याही गुंडाळलेली असते. टाळ्या एकालाच.

नियमानंही त्याला अर्धंच आत घेतलंय. २०१७च्या सुधारित नियमांपासून पंचांच्या संमतीनं बदली खेळाडूला यष्टीरक्षण करता येतं. २०२५च्या जुलैत लॉर्ड्सवर ऋषभ पंतच्या बोटाला लागलं आणि ध्रुव जुरेलनं ग्लोव्हज चढवले. पण फलंदाजीला गेला पंतच. इतकं कीपिंग करूनही जुरेलच्या नावावर तो कसोटी सामना लागला नाही. पुढच्या मँचेस्टर कसोटीत पंतचा पाय मोडला, तेव्हा ओव्हलवर जुरेल खऱ्या अर्थानं अकरात आला. नोव्हेंबरात पंत परतला तरी कोलकात्यात जुरेल संघात राहिला, तो निव्वळ फलंदाज म्हणून. मधल्या काळात अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यानं शतक काढलं होतं. जितेशच्या गोष्टीत वाट अडवली ती फलंदाजीच्या क्रमांकानं, जुरेलच्या गोष्टीत उघडली ती फलंदाजीनंच.

ही वाट जुनी आहे. मुंबईचे चंद्रकांत पंडित १९८६मध्ये लीड्सला पहिली कसोटी खेळले ते फलंदाज म्हणून. ग्लोव्हज किरण मोरेंकडे होते. १९८७च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, वानखेडेवर, वेंगसरकर आजारी पडले तेव्हाही पंडित फलंदाज म्हणूनच आले. नागपूरच्या जामठा मैदानावरचा किस्सा तर याहून विचित्र. फेब्रुवारी २०१०, समोर दक्षिण आफ्रिका. नाणेफेकीच्या तोंडावर रोहित शर्माचा घोटा मुरगळला, दुसरा फलंदाज हाताशी नाही, म्हणून राखीव कीपर वृद्धिमान साहाला उतरवलं. कीपिंग अर्थात धोनीचं. साहा पहिल्या डावात शून्यावर बाद झाला आणि पुढच्या कसोटीसाठी २०१२च्या अॅडलेडपर्यंत थांबला. तरी कारकीर्द संपली तेव्हा नावावर ४० कसोटी होत्या. रोहितला पहिल्या कसोटीसाठी २०१३चा नोव्हेंबर उजाडावा लागला, ही त्यातली वेगळीच गंमत.

आणि समीर दिघे. मुंबईचा हा कीपर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मार्च २००१मध्ये, चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला. त्याच मालिकेतल्या कोलकात्याच्या गाजलेल्या कसोटीनंतर आधीचा कीपर नयन मोंगिया पुन्हा कसोटी खेळला नाही. चेन्नईत १५५ धावांचा पाठलाग करताना गडी पडत होते. दिघे नाबाद २२, शेवटचा फटका हरभजनचा, विजय दोन गड्यांनी. दिघेच्या वाट्याला एकूण सहा कसोटी आल्या.

आता पुन्हा विदर्भ. जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचं स्टेशन, वाशीमच्या अलीकडचं. इथल्या पोराला कीपर व्हायचं असेल तर पहिली अडचण चेंडूची आहे. गावाच्या स्पर्धा टेनिस बॉलवर होतात, तिथे कीपर बिनग्लोव्हजचा उभा राहतो. लेदरवर तसं उभं राहिलं तर बोटं गेलीच म्हणायची. टेनिस बॉल उसळतो, त्यामुळे उठून घ्यायची सवय लागते. फिरकीला खाली बसून राहणं, चेंडूबरोबर वर येणं, हे लेदरवरच शिकावं लागतं. त्यासाठी अकोला गाठायचं, नाहीतर नागपूर. अकोल्याहून अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे वर गेले, म्हणजे पश्चिम विदर्भातून दार बंद नाही. पण त्यातला एक सलामीवीर, दुसरा वेगवान गोलंदाज.

जितेशचा रस्ताही पाहा. २०१६च्या लिलावात मुंबई इंडियन्सनं त्याला १० लाखांत घेतलं. सामना एकही नाही. विदर्भात २०१७-१८च्या मोसमात अक्षय वाडकर आला, दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात १३३ काढून पहिला रणजी करंडक जिंकून देणाऱ्यांत तो होता, आणि लाल चेंडूचे ग्लोव्हज त्याच्याकडेच राहिले. तेव्हा प्रशिक्षक होते तेच चंद्रकांत पंडित. जितेशनं मग पांढऱ्या चेंडूवर, शेवटच्या पाच षटकांत मारायचं हत्यार परजलं. २०२२मध्ये पंजाबकडून २० लाखांवर पहिला आयपीएल सामना, २०२४च्या लिलावात बंगळुरूकडून ११ कोटी, आणि २७ मे २०२५ला लखनौत बदली कर्णधार म्हणून ३३ चेंडूंत नाबाद ८५. लक्ष्य होतं २२८. राखीव कीपर सुट्या कौशल्यावर कुठवर जाऊ शकतो, त्याची ही हद्द. त्या कौशल्याला अनुरूप जागा संघात नसली की काय होतं, तेही सुरुवातीला सांगितलंच.

म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या कीपरनं मोठ्या संघाच्या बाकाला भुलू नये, असं मला वाटतं. एक मोसम ठीक. नेटमध्ये बुमराहला कीपिंग करण्याची किंमत कमी नाही. पण दुसऱ्या मोसमात डाव मिळत नसतील तर क्लब, जिल्हा, वेळ आली तर राज्यही बदलावं. जितेशनं २०२५मध्ये विदर्भ सोडून बडोदा धरलं ते काही भावनेच्या भरात नसावं. कोणत्या संघात कोण कीपर आहे, त्याचं वय किती, तो कितव्या क्रमांकावर खेळतो, हे पाहून ठेवणं यात कमीपणा नाही. वाडकर १९९४चा आहे. जऊळक्यात आज सोळा वर्षांचा कुणी कीपर असेल, तर तो बावीसचा होईल तेव्हा वाडकर अडतिशीला टेकलेला असेल.