प्रचंड मॅट्रिक्स गट आणि पुण्यातलं गणित

सांत क्षेत्रात संख्या मोजक्याच असतात. 0 ते 6 एवढेच सात अंक घेऊन 7 ने भागल्यावरची बाकी धरली, की बेरीज-गुणाकार-भागाकार सगळं जमतं. या क्षेत्रांवरच्या व्यस्त असलेल्या मॅट्रिक्सचे गट मात्र अफाट वाढतात. फक्त 0 आणि 1 घेतले तरी 4×4 च्या गटात 20,160 मॅट्रिक्स असतात, 10×10 च्या गटात 10²⁹ हून जास्त. इतक्या मोठ्या गटाची यादी करणं अशक्यच. म्हणून संगणकाला फक्त जनक मॅट्रिक्स देतात, म्हणजे ज्यांच्या गुणाकारांतून गटातली प्रत्येक मॅट्रिक्स मिळते अशा मोजक्या मॅट्रिक्स.

मग कळीचा प्रश्न उरतो: दिलेली मॅट्रिक्स जनकांच्या गुणाकारात कशी मांडायची?

यासाठी गाउस निरसन वापरतात: ओळी बदलत बदलत एकक मॅट्रिक्सपर्यंत जायचं; प्रत्येक पायरी म्हणजे एका मूलभूत मॅट्रिक्सने गुणणं. उदाहरणार्थ, 7 च्या क्षेत्रात ओळी (3, 1) आणि (2, 1) असलेली मॅट्रिक्स घेऊ. पहिलीतून दुसरी वजा केली, की (1, 0). मग दुसरीतून पहिलीची दुप्पट वजा केली, की (0, 1). दोन पायऱ्यांत एकक मॅट्रिक्स! याच पायऱ्या उलट वाचल्या की उत्तर मिळतं.

सिम्प्लेक्टिक, ऑर्थोगोनल आणि युनिटरी या ठरावीक रचना जपणाऱ्या मॅट्रिक्सच्या गटांत मात्र अशी कुठलीही ओळ मनाला येईल तशी बदलता येत नाही, कारण मॅट्रिक्स गटाबाहेर जाते. पाषाणच्या आयसर पुणे संस्थेतील अयन महालनोबिस आणि अनुपम सिंग यांनी सहकाऱ्यांसह या गटांसाठी गाउस निरसनासारख्या रीती तयार केल्या. त्यांत गटाची रचना सांभाळणाऱ्या खास मूलभूत मॅट्रिक्स वापरतात. सार्वजनिक-कळ गूढलेखनाच्या ‘एमओआर’ पद्धतीच्या अभ्यासात या रीतींचा थेट उपयोग होतो.

#गणित #पुणे