'नॅरो' म्हणजे नुसतं अरुंद नव्हे! करजणच्या रुळांपासून डॉक्टरांच्या रिपोर्टपर्यंत एका शब्दाचे अनेक अर्थ

करजण : नाव वाचून अनेकांना आधी आपलं कर्जत आठवतं. पण हे करजण गुजरातमधलं. मुंबई-अहमदाबाद मार्गावर भरूच सोडून वडोदऱ्याकडे निघालं की हे तालुक्याचं गाव लागतं. स्टेशनचं नाव मियागाम करजण. एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगायला याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. तो शब्द म्हणजे 'नॅरो'.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं, नॅरो म्हणजे अरुंद. तेवढ्यावर परीक्षेत मार्क मिळतात. पण बातमी वाचताना, कोर्टाचा कागद बघताना किंवा दवाखान्यातला रिपोर्ट हातात आल्यावर हा एकच अर्थ पुरत नाही. कधी कधी तर महागात पडतो.

अडीच फुटांचे रूळ

बडोदा संस्थानात खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, 1862 मध्ये डभोई ते मियागाम असा रेल्वेमार्ग सुरू झाला. अंतर साधारण 32 किलोमीटर. रुळांमधलं अंतर अवघं 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर. भारतातली ही पहिली नॅरोगेज. गंमत म्हणजे सुरुवातीला या रुळांवरून डबे ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते! पुढे मजबूत रूळ टाकले गेले आणि 1873 पासून इंजिनाची गाडी धावू लागली. डभोई तर पुढे नॅरोगेजचं मोठं जंक्शन बनलं.

आपल्याकडच्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. मीटरगेज नावाप्रमाणे एक मीटर. त्याहून कमी रुंदीची ती नॅरोगेज. सीमाभागातल्या लोकांना हे नवं नाही. बिलिमोरा-वघई, पाचोरा-जामनेर, मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' आणि 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट, या सगळ्या मूळच्या 762 मिलिमीटरच्याच. इथे 'नॅरो'चा अर्थ सरळ आहे : दोन बाजूंमधलं अंतर कमी.

मराठीचा 'अरुंद' मात्र नीट बघा. अ + रुंद, म्हणजे 'रुंद नसलेला'. नकारातून तयार झालेला शब्द. पण मराठीत त्याचे भाऊबंद भरपूर आहेत. गल्ली चिंचोळी असते, टोकाकडे बारीक होत जाणारी वस्तू निमुळती असते, दोन घरांमधली वाट म्हणजे बोळ आणि दोन डोंगरांमधली म्हणजे खिंड. इंग्रजी एका 'नॅरो'वर भागवते, तिथे मराठी वस्तू बघून शब्द निवडते.

निवडणूक आणि अपघात

आता बातम्यांकडे वळू. 'नॅरो व्हिक्टरी' म्हणजे 'अरुंद विजय' असं कुणी लिहिलं तर वाचणारा हसेल. मोबाईलवरच्या भाषांतरात असे नमुने सापडतात. मराठीत तो निसटता विजय. 'नॅरो मेजॉरिटी' म्हणजे काठावरचं बहुमत. 'नॅरो लीड' म्हणजे नाममात्र आघाडी. इथे अर्थ रुंदीचा नाही, फरक थोडा असण्याचा आहे.

हायवेवरच्या अपघातातून कुणी सुटलं की इंग्रजी बातमीत 'नॅरो एस्केप' असतं. आपण म्हणतो, थोडक्यात बचावले. 'नॅरोली मिस्ड' म्हणजे थोडक्यात हुकलं. शेवटी 'ली' लागला की विशेषणाचं क्रियाविशेषण होतं. काम कसं झालं ते तो सांगतो.

हाच शब्द क्रियापदही होतो. रस्ता पुढे 'नॅरो' होतो म्हणजे निमुळता होत जातो. पण 'नॅरो डाऊन' केलं म्हणजे पुष्कळ पर्यायांतून चाळून चाळून मोजके उरवले. पन्नास अर्जांतून पाच उमेदवार निवडले, तर यादी 'नॅरो डाऊन' झाली.

मन आणि कायदा

'नॅरो माइंडेड' म्हणजे कोत्या मनाचा, संकुचित विचारांचा. इथे शब्दाला टोमण्याची धार आहे. पण कोर्टात 'नॅरो इंटरप्रिटेशन' म्हटलं तर त्यात टोमणा नाही. कायद्यातल्या शब्दाचा अर्थ ताणायचा नाही, मर्यादित ठेवायचा, एवढंच. निकालाच्या बातमीत याचं 'संकुचित अर्थ' असं भाषांतर झालं तर वाचकाला वाटेल, कुणीतरी कुणाला नावं ठेवली! तिथे 'मर्यादित अर्थ' हेच बरोबर.

रिपोर्टमधला 'नॅरो'

खरी काळजी घ्यायची ती इथे. सीमाभागातून उपचारासाठी सुरत-वडोदऱ्याला जाणारे पुष्कळ. बोलणं गुजरातीत, रिपोर्ट इंग्रजीत आणि घरी येऊन चर्चा मराठीत. तीन भाषांच्या या प्रवासात अर्थ निसटू शकतो.

- रक्तवाहिनीत 'नॅरोइंग' : वाहिनी आतून अरुंद झाली आहे. ती पूर्ण बंद झाली असा याचा अर्थ होत नाही. किती टक्के, ते विचारायचं.
- डोळ्याचा 'नॅरो अँगल' : नजर कमी झाली असा अर्थ नाही. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन चिंचोळा आहे. त्यातून एका प्रकारचा काचबिंदू होऊ शकतो. सर्दीच्या काही औषधांनी अशा डोळ्यांना त्रास होतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरांना हे आधी सांगायचं.
- 'नॅरो स्पेक्ट्रम' अँटिबायोटिक : हलकं किंवा कमी ताकदीचं औषध नव्हे. मोजक्याच प्रकारच्या जंतूंवर काम करणारं औषध.
- औषधाची 'नॅरो थेराप्युटिक रेंज' : गुण येणारा डोस आणि अपाय करणारा डोस यांत अंतर थोडं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा फिट्सवरचं फेनिटॉइन ही अशी औषधं. एखादी गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी मनानेच दोन घ्यायच्या, हे इथे अजिबात चालत नाही.

शेवटच्या उदाहरणात 'अरुंद' शब्द घालून बघा, काहीच कळणार नाही. 'थोडंसं इकडेतिकडे झालं तरी धोका' असं म्हटलं की आजीलाही कळतं.

सांकडुं, साकडं आणि संकट

करजणच्या बाजारात अरुंद गल्लीला गुजरातीत 'सांकडी शेरी' म्हणतील. अरुंद म्हणजे सांकडुं. मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटतो, आणि तो ओळखीचा आहेच. आपण देवाला साकडं घालतो, ते याच घरातलं. दोघांच्या मागे संस्कृत 'संकट' उभं आहे. त्याचा मूळ अर्थच आवळलेलं, दाटीचं, अरुंद. चारी बाजूंनी जागा कमी झाली, हलता येईना, म्हणजे संकट. गुजरातीने रुंदीचा अर्थ सांभाळला, मराठीने अडचणीचा.

इंग्रजीतही असंच झालंय. 'स्ट्रेट' म्हणजे दोन जमिनींमधली समुद्राची चिंचोळी पट्टी, आपली सामुद्रधुनी. पण 'डायर स्ट्रेट्स'मध्ये सापडलेला माणूस समुद्रात नसतो, तो घोर अडचणीत असतो.

लक्षात काय ठेवायचं?

'नॅरो' दिसला की आधी त्याच्या शेजारचा शब्द बघायचा. रस्ता, पूल, रूळ असेल तर अरुंद. विजय असेल तर निसटता, बचाव असेल तर थोडक्यात. मन असेल तर कोतं, व्याख्या असेल तर मर्यादित. आणि शेजारी औषधाचं किंवा शरीराच्या भागाचं नाव असेल तर अंदाज बांधत बसायचं नाही. कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि 'याचा अर्थ काय, मला समजेल अशा भाषेत सांगा' असं सरळ विचारायचं. मराठीत, गुजरातीत, जमेल त्या भाषेत.