पवनचक्कीची तपासणी कुणी करायची?

सावनेर तालुक्यातल्या खाप्यावरून कन्हान नदी खाली उतरते आणि औष्णिक विजेच्या मुलखात शिरते. खापरखेड्याचे केंद्र १३४० मेगावॉटचे, कोराडीचे २१९० मेगावॉटचे. वीज राज्यभर जाते, राख मात्र इथेच राहते. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांतून, नाल्यांतून नदीपर्यंत पोचला. त्यामुळे कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच बसवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २९ मे २०२३ च्या जनसुनावणीत लोक हरकती घेऊन उभे राहिले यात नवल नव्हते. ती सुनावणी कुणाची मेहेरबानी नव्हती, कायद्याने ती घ्यावीच लागते. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सातारा जिल्ह्यात, वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथे कायद्याने अशी सुनावणी कधी मागितलीच नाही. विदर्भात वारा मंद, म्हणून पवनचक्की हा इकडच्या वाचकाला सातारा, सांगली, धुळ्याचा विषय वाटतो. पण कोळशाचा भार कमी व्हायचा तर तो वाऱ्याने आणि उन्हानेच व्हायचा आहे. मग ती वीज कशी उभी राहते आणि कुणाच्या जिवावर, हा प्रश्न कन्हानकाठच्या माणसाचाही आहे.

कायदा नेमका काय म्हणतो ते आधी पाहू. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. तिच्या परिशिष्टात ज्या उद्योगांची नावे आहेत, त्यांनी काम सुरू करण्याआधी परिणामांचा अभ्यास करायचा आणि सरकारची मंजुरी घ्यायची. यातल्या औष्णिक केंद्रासारख्या मोठ्या प्रकल्पांना त्याआधी लोकांचे म्हणणेही ऐकावे लागते. या परिशिष्टात खाणी आहेत, धरणे आहेत, औष्णिक केंद्रे आहेत, २०,००० चौरस मीटरहून मोठे बांधकामसुद्धा आहे. पवनऊर्जा नाही. म्हणजे शहरातल्या मोठ्या गृहसंकुलाला जी मंजुरी लागते, ती डोंगरमाथ्यावर मैलोन्‌मैल पसरलेल्या पवनप्रकल्पाला लागत नाही. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची रंगांनुसार नवी विभागणी केली, तेव्हा पवनऊर्जेला सर्वांत निरुपद्रवी अशा पांढऱ्या गटात बसवले. या निर्णयांमागचा विचार समजण्यासारखा आहे. आपला पर्यावरण कायदा चिमणी आणि सांडपाणी डोळ्यांपुढे ठेवून वाढला. जे धूर सोडत नाही, राख टाकत नाही, नदी नासवत नाही, ते निर्दोष असा त्याचा हिशेब. त्या हिशेबात पवनचक्की खरोखरच निर्दोष ठरते. फक्त तिचा उपद्रव प्रदूषणाचा नसतोच, तो जागेचा असतो. कुठल्या पठारावर, कुठल्या पक्ष्याच्या वाटेत, कुणाच्या गुरचराईच्या माळावर ती उभी राहते, यावर सगळे ठरते, आणि हा प्रश्न विचारण्याची सोय त्या हिशेबात नाही.

चाळकेवाडीचे पठार हे याचे उत्तम उदाहरण. सह्याद्रीच्या माथ्यावरचे असे कातळी सडे दुरून उजाड दिसतात. पावसाळ्यात त्यांवर काय फुलते हे जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारामुळे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह चाळकेवाडीत एक साधा पण नेटका अभ्यास केला. एकाच पठाराचा पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची त्यांनी तुलना केली. २०१८ मध्ये तो ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर आणि त्यांचे हल्ले जवळपास चौपटीने कमी आढळले. शिकारी कमी झाले तसे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले. इथपर्यंत कुणीही अंदाज बांधला असता. पण त्या सरड्यांची वागणूक आणि शरीरेही वेगळी होती. भीतीचा ताण कमी, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत, आणि गर्दीमुळे खाण्यासाठी चुरस वाढल्याने अंगाने रोड. नरांच्या गळ्याखालच्या पंख्याचा रंगही फिका. पवनचक्कीने सरड्याला हातही लावलेला नाही. तिने घारी, ससाण्यांना दूर ठेवले आणि खालची सगळी साखळी हलली. मेलेले पक्षी मोजून हा परिणाम कधीच दिसला नसता. याला विनाश म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण काहीच होत नाही हे म्हणणेही यापुढे चालणार नाही.

हा अभ्यास पवनचक्क्या उभ्या राहून कितीतरी वर्षे लोटल्यावर, स्वतंत्र संशोधकांनी आपल्या कुतूहलापोटी केला. प्रकल्प येण्याआधी त्या पठारावर काय होते याची पद्धतशीर नोंद कायद्याने कुणाकडून मागितली नव्हती, म्हणून शेजारच्या रिकाम्या भागाशी तुलना करावी लागली. मूल्यांकनातून दिलेल्या सवलतीमुळे घडते ते हे. अभ्यासाची सक्ती नाही म्हणून नोंदी नाहीत, नोंदी नाहीत म्हणून नुकसानीचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून सवलत कायम. पवनऊर्जा आणि पर्यावरण कायदा या विषयावर पीएचडी करणाऱ्याने या चक्राला हात घातला पाहिजे असे मला वाटते. कायद्यातले संशोधन आपल्याकडे बहुधा ग्रंथालयात बसून, कलमे आणि निवाडे यांची मांडणी करून होते. पण इथे निवाडेच थोडे आहेत, कारण जिच्याविरुद्ध दाद मागायची ती मंजुरीच नाही. नागपुरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थाही आहे. कायद्याचा विद्यार्थी आणि पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी यांना एका प्रश्नावर बसवायला याहून सोयीचे शहर राज्यात क्वचितच असेल. तरीही मुद्दा उरतोच. जे काम प्रकल्पाच्या खर्चाने, प्रकल्पाच्या आधी व्हायला हवे, ते विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीवर, प्रकल्पानंतर का व्हावे?

यावर पहिला आक्षेप असा की वेगळ्या मूल्यांकनाची गरजच काय. वन कायदा, वन्यजीव कायदा, वनहक्क कायदा आहेतच. आहेत, पण ते जमिनीची जात पाहतात. जमीन वनखात्याची असेल तर १९८० च्या कायद्याखाली परवानगी लागते, अभयारण्यात असेल तर वन्यजीव कायदा लागतो. सड्याचा मोठा भाग मात्र महसुली किंवा खासगी असतो आणि दप्तरी बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो. तिथे झाड नाही म्हणून जंगल नाही आणि पीक नाही म्हणून शेती नाही. ससाणा सातबारा पाहून घिरट्या घालत नाही. आणि जमीन वनखात्याची असली तरी निभावते असेही नाही. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याला लागून, आंध्रा तलाव पवनप्रकल्पासाठी जवळपास २०० हेक्टर वनजमीन दिली गेली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यावर कडक टीका केली. अवजड सांगाडे वर नेण्यासाठी डोंगर कापून केलेल्या रस्त्यांमुळे होणारी धूप, दरडी, खालच्या जलाशयात जाणारा गाळ आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर वावरणाऱ्या स्थानिकांची अडवलेली वाट हे सारे तिथे नोंदलेले आहे. त्यानंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. तिने गाडगीळ समितीच्या बऱ्याच शिफारशी सौम्य केल्या, आणि पश्चिम घाटातल्या राजकारणाला तेच हवे होते. पण पवनऊर्जेला मूल्यांकनाच्या अधिसूचनेत आणा, ही शिफारस या मवाळ समितीनेही केली. इतर बाबतींत कस्तुरीरंगन अहवालाचा दाखला देणारी सरकारे या वाक्यापाशी मुकाट राहिली.

दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि खापरखेड्याजवळच्या माणसाने तो घेतला तर त्याला गप्प बसवण्याचा अधिकार कुणालाच नाही. वाऱ्याच्या विजेला एक वर्ष उशीर म्हणजे कोळसा एक वर्ष जास्त. सरड्यांची काळजी करताना राख गिळणाऱ्या माणसांचे काय? भारताला २०३० पर्यंत बिगर-जीवाश्म वीजक्षमता ५०० गिगावॉटवर न्यायची आहे आणि त्यात वाऱ्याचा वाटा मोठा असणार. मान्य. पण सवलतीमुळे उशीर टळतो हे गृहीतकच तपासण्यासारखे आहे. माळढोकाचे प्रकरण घ्या. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो वीजवाहिन्यांवर आदळून मरतो. विदर्भात वरोरा-भद्रावतीच्या परिसरात तो दिसायचा, सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य खास त्याच्यासाठी झाले. आज महाराष्ट्रातून तो जवळपास गेला आहे. राजस्थान आणि गुजरातेत उरलेल्या माळढोकांसाठी वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात उघड्या तारांवर कठोर निर्बंध घातले. सौर आणि पवन प्रकल्प तीन वर्षे अनिश्चिततेत राहिले. शेवटी २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो आदेश सैल केला, तज्ज्ञ समिती नेमली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये वाचला. त्या हक्काचे स्वागतच आहे. पण तारा कुठून न्याव्यात हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावाच का लागला? जागा ठरवतानाच माळढोकाचा नकाशा समोर ठेवणे कुणावर बंधनकारक असते, तर इतका काळ गेला नसता. जर्मनीने २०२२ च्या कायद्याने देशाची दोन टक्के जमीन २०३२ पर्यंत पवनऊर्जेसाठी आधीच आखून ठेवायचे ठरवले. आखलेल्या जागेत परवानगी जलद आणि बाहेर कठीण. घाई आणि तपासणी एकत्र नांदू शकतात, मात्र तपासणी आधी झालेली हवी.

आघात मूल्यांकन हाच मुळात फार्स आहे, असे म्हणणारेही भेटतील. सल्लागाराला पैसे प्रकल्पवालाच देतो, अहवाल एकमेकांवरून उतरवलेले असतात, सुनावणीत बोललेले कागदावर भलतेच उमटते. यातले बरेचसे खरे आहे. तरी त्या वाईट कागदालाही कायद्यात किंमत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम १६ खाली पर्यावरण मंजुरीविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. मंजुरीच नसेल तर अपील कशाविरुद्ध करायचे? मग कलम १४ खाली सहा महिन्यांत स्वतंत्र अर्ज करा आणि नुकसान तुम्हीच सिद्ध करा. कोराडीच्या विस्ताराविरुद्ध लढणाऱ्याच्या हातात निदान एक अहवाल असतो, ज्यातल्या चुका तो दाखवू शकतो. पाटण किंवा साक्री तालुक्यातल्या गावकऱ्याच्या हातात काहीच नसते.

सगळ्या पवनचक्क्यांना एकाच मापाने मोजावे असे मात्र मी म्हणणार नाही. सांगली किंवा बीडच्या शेतजमिनीवर खांबाभोवती ज्वारी पिकत राहते. तिथे घरापासूनचे अंतर, रात्रीचा आवाज आणि शेतकऱ्याला मिळणारा मोबदला हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांना वर्षभराचा पक्षी अभ्यास लागत नाही. सडे, गवताळ माळराने, घाटमाथे आणि अभयारण्यांचा शेजार इथे मात्र चारही ऋतूंची पाहणी, जनसुनावणी आणि उभारणीनंतर काही वर्षे नोंदी एवढे तरी हवेच. याची सुरुवात करायला आत्ताच मोका आहे. साताऱ्याच्या पठारांवरच्या जुन्या पवनचक्क्या काहीशे किलोवॉटच्या आहेत. घसाऱ्याची करसवलत मिळते म्हणून त्या काळी अनेकांनी त्यांत पैसे घातले. आता त्यांचे आयुष्य संपत आले आहे आणि केंद्राच्या डिसेंबर २०२३ च्या धोरणानुसार त्या काढून कमी संख्येत, पण कितीतरी उंच यंत्रे बसवायची आहेत. कुठली जागा मोकळी करायची आणि कुठली ठेवायची, हे ठरवण्याची संधी एका पठाराला पुन्हा लवकर मिळणार नाही. यासाठी दिल्लीत अधिसूचना बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नूतनीकरणाला परवानगी देण्याआधी एका वर्षाची स्वतंत्र पाहणी करा आणि ती मराठीत, ग्रामपंचायतीत वाचायला ठेवा, एवढी अट राज्य सरकार आपल्या पवनऊर्जा धोरणातच घालू शकते. ती त्याने घालावी.