ही 'टक्' येते कुठून?

"गुरुजी, ताल माझा चुकला का तुमच्या डब्याचा?"

पखवाजवाल्या बुवांनी कानावरचा हेडफोन काढून विचारलं. शंका रास्त होती. गजर ऐन भरात असताना मध्येच 'टक्' झालं होतं. मागे जाऊन पुन्हा ऐकलं, तर नेमकं त्याच जागी पुन्हा टक्. डबा म्हणजे माझा २०१३ साली घेतलेला डेस्कटॉप. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. खर्डीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून गेली कितीतरी वर्षं यावरच भजनं, हळदीची गाणी आणि शाळेतल्या पोरांच्या कविता रेकॉर्ड झाल्या. आता तो थकला, नवा घ्या, असं चौघांनी सांगितलं. कसारा लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, असा बेतही ठरला होता. पण आजार कुठला ते कळल्याशिवाय औषधाला पैसे घालवू नयेत, ही सवय मास्तरकीत लागलेली. म्हणून आधी टक् शोधायला बसलो. दोन रविवार गेले.

संगणकात आवाज कसा वाहतो हे आमच्या शहापूर तालुक्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. इथे तानसा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यावर पाण्याचा टँकर. दारात ठेवलेलं पिंप लहान असेल तर पाणी ताजं मिळतं, पण टँकर जरा उशिरा आला की पिंप कोरडं. मोठं असेल तर टँकरची वाट बघावी लागत नाही, मात्र तांब्यात येतं ते कालचं पाणी. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बफर' नावाचं जे असतं, ते हेच पिंप. आवाजाचे नमुने सेकंदाला ४८,००० या वेगाने येत असतात. बफर २५६ नमुन्यांचा ठेवला तर ते पिंप भरायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात, १०२४ चा ठेवला तर २१. तेवढ्या वेळात प्रोसेसरने आपलं काम उरकून पुढची खेप आणली नाही, की पिंप कोरडं पडतं आणि आपल्याला ऐकू येते ती टक्.

मग सरसकट मोठं पिंप का ठेवू नये? कारण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २१ मिलिसेकंदांत सात मीटरच्या वर. बुवांना आपलाच पखवाज ओसरीपलीकडे तेवीस-चोवीस फुटांवर कुणीतरी वाजवतंय असं वाटणार. शिवाय आवाजाला आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा पिंपात थांबावं लागतं, त्यामुळे खरा उशीर याच्या दुपटीहून जास्त. अशाने भला वादकही लयीतून घसरतो. यावर साधा तोडगा म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण दाबायचं. मग माइकचा आवाज संगणकातून फिरून न येता थेट कानात येतो आणि पिंप हवं तेवढं मोठं ठेवता येतं. हे बटण माझ्या इंटरफेसवर पहिल्या दिवसापासून होतं. मला ते तीन वर्षांनी कळलं.

आता टक्कडे. पहिली खूण ही की एकच जागा दोनदा ऐकायची. दरवेळी निराळ्या ठिकाणी टक् झाली तर फाइल शाबूत आहे, फक्त वाजवताना यंत्राची दमछाक होते आहे. त्याच ठिकाणी झाली तर ती रेकॉर्डिंगमध्येच शिरलेली आहे. आमची दुसऱ्या जातीची. बफर १०२४ केला, सगळे इफेक्ट बंद केले आणि पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं, तरी टक् होतीच. म्हणजे प्रोसेसरवर आळ घ्यायचं कारण नव्हतं. मग 'लेटन्सीमॉन' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. संगणकाचा कुठला भाग सगळ्यांची वाट अडवून बसतो, ते तो दाखवतो. यादीत सर्वांत वर वाय-फायच्या डाँगलचा ड्रायव्हर. डाँगल उपटला आणि निम्म्याहून अधिक टक् तिथेच थांबल्या. खर्च शून्य. त्याच बैठकीत विंडोजमधली वीज वाचवण्याची सेटिंग बंद केली आणि इंटरफेसची केबल पुढच्या यूएसबीतून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावली.

उरलेल्या टक् हार्ड डिस्कच्या असणार, असं मी धरून चाललो होतो. हिशेब मांडला तेव्हा तो संशय लंगडा ठरला. ४८,००० नमुने आणि २४ बिट म्हणजे एका माइकचे सेकंदाला १४४ किलोबाइट. आठ माइक लावले तरी सव्वा मेगाबाइटच्या आत. जुनी डिस्कसुद्धा सेकंदाला शंभरएक मेगाबाइट सहज लिहिते. मग अडतं कुठे? रॅममध्ये. ४ जीबी भरली की विंडोज जास्तीचा पसारा डिस्कवर नेऊन टाकतं. फिरत्या तबकडीवर एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला डिस्कच्या सुईला सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे १० मिलिसेकंद तरी लागतात. आपलं पिंप ५, फार तर २१ मिलिसेकंदांचं. सुई पसाऱ्यासाठी धावत राहते आणि गाणं दारात ताटकळतं.

म्हणून खरेदी दोनच वस्तूंची झाली. रॅम ४ ची ८ जीबी केली आणि डिस्कच्या जागी एसएसडी घेतली. इथे फसायला जागा आहे. २०१३ च्या सुमाराच्या मदरबोर्डला डीडीआर-थ्री जातीचीच रॅम लागते. डीडीआर-फोरच्या पट्टीची खाच निराळ्या जागी असल्यामुळे ती बसतच नाही. डीडीआर-थ्री नवी हुडकत बसू नका, मोडीत निघालेल्या ऑफिसच्या संगणकांतून ती दुरुस्तीवाल्यांकडे येते. एसएसडीचंही तसंच. च्युइंगमच्या कांडीसारखी दिसणारी एम-डॉट-टू अशा बोर्डवर बहुधा लागत नाही, अडीच इंची साटा मागायची. तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबतो. नव्या जातीच्या एसएसडी याच्या कितीतरी पट पळतात, पण आपल्याला पळवायचे आहेत सव्वा मेगाबाइट. फिरणारी तबकडी गेली हा फायदा मोठा, कारण तिची घरघरही माइकमध्ये येत होती.

झाकण उघडलंच होतं म्हणून ब्रशने धूळ काढली आणि प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट बदलली. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हे रोजचंच.

संगणकावर नाहक बसलेला एक आळही उतरवायला हवा. रेकॉर्डिंगमधली बारीक 'हूं' ही घरच्या ५० हर्ट्झच्या विजेची. तिच्यासाठी वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐका. हूं गेली, तर वाट सापडली. आणि कसाऱ्याकडे निघालेल्या मालगाडीची धडधड कुठलाही प्रोसेसर गाळत नाही. आमच्याकडे कंडेन्सर माइक गाडी, कोंबडा, शेजारचा मिक्सर सगळं इमानेइतबारे ऐकतो. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तर बाहेरचं निम्मं गळतं. पावसाळ्यात पत्रा वाजू लागला की मात्र मी सरळ चहा टाकतो.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे माझा डबा त्या दारातूनच परत. काहीजण विंडोज सोडून उबुंटू स्टुडिओ या प्रणालीकडे वळतात. ती फुकट आहे आणि आवाजाच्या कामासाठीच बांधलेली आहे, पण आपला इंटरफेस तिथे चालतो का ते आधी पाहावं. मी त्याहून सोपा मार्ग धरला. या संगणकाचं इंटरनेट कायमचं तोडलं. बँक, पत्रं, यूट्यूब सगळं फोनवर. रेकॉर्डिंगचं यंत्र नीट चालत असेल तर त्याला अपडेटची खोड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवा संगणक खरोखर लागतो तो तीसचाळीस ट्रॅकवर इफेक्टची रास घालणाऱ्यांना, किंवा अख्खा वाद्यवृंद सॉफ्टवेअरमधून वाजवणाऱ्यांना. दोन आवाज, पेटी, टाळ आणि पखवाज यांना नाही.

यंत्र आज ना उद्या जाणारच, टिकायला हवी ती फाइल. पुण्यात गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाच्या मदतीने त्यांतल्या काहींचं शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइट्व्हाँ आणि राईरकर दोघेही आज नाहीत, त्या काळची यंत्रंही कधीच मोडीत गेली असतील. पण तो संग्रह पुढे 'पारी' या संकेतस्थळाकडे आला आणि २०१७ पासून कुणालाही नेटवर ऐकता येतो. आपल्या घरातही हाच नेम पाळावा. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये ठेवायचं, एमपी-थ्री फक्त व्हॉट्सअॅपवर धाडायला. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात. रात्रभराचा जागर सलग एकाच फाइलमध्ये घेऊ नका. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी. २४ बिट स्टिरिओत ती चार तासांच्या थोडं पुढे संपते आणि काकड्याच्या वेळी तुमच्या हाती काही राहत नाही.

बुवांचा गजर आम्ही पुढच्या एकादशीला नव्याने घेतला. टक् नव्हती. एका जागी ताल किंचित ढळला होता, तो बुवांनी स्वतःच दाखवला.

शहापूर-मुरबाडकडे अजून कितीतरी घरांत आजीच्या ओव्यांची, जुन्या वगाची, लग्नातल्या गाण्यांची कॅसेट फळीवर पडून आहे. कॅसेट फाइलमध्ये उतरवताना उशिराचा प्रश्नच येत नाही. पिंप हवं तेवढं मोठं ठेवा, मग कितीही म्हातारा संगणक हे काम करतो. चालू टेपरेकॉर्डर तेवढा शोधा आणि पावसाची ओल फितीला लागायच्या आत तिची पहिली प्रत करून ठेवा.